आजीच्या डब्यात जुन्या ५०० आणि १०००च्या नोटा सापडल्या, आता काय करावं?

खानापूरकरीण (धागाकर्ती)

मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते. आज अडलंय म्हणून लिहितेय.

विट्याजवळ आमचं गावचं घर आहे. आजी गेल्या मार्गशीर्षात गेली. आता घर आवरायला काढलं तर तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत जुन्या ५००च्या ७१ आणि जुन्या १०००च्या २६ नोटा. म्हणजे ६१,५०० रुपये, जे आता रुपये नाहीत. शिवाय २०००च्या सहा नोटा आणि शंभराच्या बऱ्याच, त्यातल्या काहींना वाळवी लागलीय.

आजोबा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात होते, सगळी उमेद तमिळनाडूत सेलमला गेली. ते गेल्यावर आजी गावी येऊन राहिली. चार शेरडं, थोडी शेती, बाबा पाठवायचे ते पैसे. काळा पैसा म्हणावा असं त्यात काही नाही, पण बिल-पावतीही काही नाही.

बाबा म्हणतात देवाजवळ ठेवून द्या. काकांना कुणीतरी सांगितलंय की कराडला एक जण अशा नोटा वीस टक्क्यांनी घेतो. आणि भावाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय की रिझर्व्ह बँकेने मुदत पुन्हा वाढवली. कुणाचं ऐकायचं? या नोटा घरात ठेवणं गुन्हा आहे असंही वाचलं, ते खरं का? २०००चं काय करायचं? वाळवीच्या नोटा बँक घेते का?

आणि एक प्रश्न कायद्याचा नाही. नोटबंदी तिला माहीत होती, टीव्ही होता घरात. तरी बोलली का नाही?

कृष्णाकाठ

ताई, तो मेसेज खोटा आहे. दर दोन-चार महिन्यांनी फिरतो. जुन्या ५०० आणि १०००चा विषय संपलाय. बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबर २०१६ला संपली. त्या काळात जे परदेशात होते त्यांना रिझर्व्ह बँकेत ३१ मार्च २०१७पर्यंत आणि अनिवासी भारतीयांना ३० जूनपर्यंत सवलत होती. त्यानंतर काही नाही.

काकांना मात्र कराडला जाऊ देऊ नका. असली माणसं आधी 'फाइल खर्च' म्हणून पैसे मागतात नाहीतर नोटा घेऊन गायब होतात, आणि मग तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

गल्लीतला_वकील

गुन्ह्याचं खरं आहे. २०१७च्या कायद्याप्रमाणे या रद्द नोटा जवळ ठेवणं, कुणाला देणं, कुणाकडून घेणं, तिन्हीला मनाई आहे. सूट फक्त दहा नोटांची. ५००च्या असोत की १०००च्या, सगळ्या मिळून दहा. अभ्यास, संशोधन किंवा नाणी-नोटांच्या संग्रहासाठी पंचवीस. दंड १० हजार किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत. तुमच्या आकड्याला पाचपट म्हणजे तीन लाखांच्या वर.

बेदाणा_किंग

सोप्पंय की. घरात माणसं किती? माणशी दहा वाटून टाका, दहा माणसांत खेळ खलास 😄

गल्लीतला_वकील

राजे, वर काय लिहिलंय? देणं आणि घेणंही बंद आहे. वाटप केलंत तर एका माणसाच्या जागी दहा जण अडकतील.

खानापूरकरीण, नोटा अजाणता सापडल्यात. कायद्यात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे आणि तुमची बाजू त्यावरच उभी आहे. पण सापडल्यानंतर वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या तर ती ढासळेल. विट्यातल्या एखाद्या वकिलाला गाठा. कधी, कुठे, कुणासमोर सापडल्या ते लिहून काढा, नोटांचे फोटो आणि नंबरांची यादी ठेवा आणि बाबांच्या सहीने रिझर्व्ह बँकेला पत्र द्या. पैसे मिळतील या आशेवर नको, नोंद राहावी म्हणून. परस्पर जाळू-बिळू नका.

कोर्टाचीही आशा धरू नका. २ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मताने नोटबंदी वैध ठरवली, वेगळं मत न्या. नागरत्ना यांचं एकट्यांचं होतं. त्यानंतर मार्चमध्ये लोकांचे सुटे अर्ज आले, तेही न्यायालयाने ऐकले नाहीत, सरकारकडे निवेदन द्या म्हणाले.

निवृत्त_रोखपाल

मी तेव्हा आपल्याच जिल्ह्यात काउंटरवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नोटा नीट वेगळ्या करा. ५००च्या मागे लाल किल्ला असेल तर ती नवी, चालते. दांडीयात्रेचं चित्र असेल तर जुनी. माणसं घाबरून चांगल्या नोटाही रद्दीत टाकतात. शंभराची जुनी नोट अजून चलनात आहे, आकार मोठा आहे म्हणून दुकानदार नको म्हणतो एवढंच. बँकेत भरा.

वाळवीच्या नोटांना नियम आहे. ५० आणि त्यावरच्या नोटेचा सलग मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त शाबूत असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. तुकडे चिकटपट्टीने जोडत बसू नका, आहेत तसे घेऊन जा. शाखेत नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्याला भेटा.

२०००ची नोट रद्द झालेलीच नाही. १९ मे २०२३ला चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाली, पण आजही ती कायदेशीर आहे. बँका मात्र ७ ऑक्टोबर २०२३नंतर घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेची १९ कार्यालये घेतात, आपल्या राज्यात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पुण्यात हेलपाटा मारू नका. सहा नोटांसाठी बेलापूरलाही जायला नको, पोस्टाने पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडा, पैसे खात्यात येतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ८ नोव्हेंबर २०१६ला रात्री आठला घोषणा झाली, ९ला बँका बंद, १०ला उघडल्या. गावाकडे बँक म्हणजे जिल्हा बँक. उसाचं बिल तिथं, दुधाचं बिल तिथं, पीककर्ज तिथं. पहिले चार-पाच दिवस आम्ही जुन्या नोटा घेतल्या. १४ तारखेला रिझर्व्ह बँकेचा आदेश आला की जिल्हा बँकांनी जुन्या नोटा स्वीकारायच्या नाहीत, बदलूनही द्यायच्या नाहीत. कारण सांगितलं की काळा पैसा यातून पांढरा होईल. त्या पाच दिवसांत घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी जून २०१७मध्ये मिळाली, तोवर त्या तिजोरीतच पडून.

पण म्हाताऱ्या माणसाचं काय? १४नंतर तिने तालुक्याच्या गावी, अनोळखी बँकेत जायचं. तिथं रांग रस्त्यापर्यंत, ओळखपत्र मागणार, बोटाला शाई लावणार, बदलून मिळणार ४,५०० आणि नंतर तर दोनच हजार. २४ तारखेनंतर बदलणं बंद, फक्त खात्यात भरा. तिचं त्या बँकेत खातंच नाही. मग पोराला सांगावं लागणार, आणि पोरगं विचारणार एवढे कुठनं आले. बायकांनी घरात कुणाला न सांगता साठवलेला पैसा त्या महिन्यात पहिल्यांदा उघड्यावर आला. रुमालाची गाठ सोडताना त्यांची मान वर होत नव्हती, जणू चोरीच पकडलीय. काहीजणी आल्याच नाहीत. तुमची आजी त्यातली असेल.

मोरारजीभक्त

माझे वडील सांगायचे, १९७८च्या जानेवारीत मोरारजींच्या सरकारने १०००, ५००० आणि १०,०००च्या नोटा बंद केल्या, तर आमच्या गावात कुणाला फरकच पडला नाही. असली नोट कुणी बघितलीच नव्हती! २०१६ला किमतीच्या हिशोबाने चलनातला सुमारे ८६ टक्के पैसा ५०० आणि १०००तच होता. मोठी नोट कसली, मजुराच्या खिशातली नोट ती.

देशप्रथम

निदान काळ्या पैशावर कुणीतरी घाव घातला. डिजिटल व्यवहार वाढले ते दिसत नाही का?

कृष्णाकाठ

१५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या आणि १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, हा रिझर्व्ह बँकेचाच आकडा. दडवलेला पैसा कागदासकट बुडेल असं सांगत होते ना? जे बुडालं त्यात ताईंच्या आजीचे ६१,५०० आहेत.

खानापूरकरीण

इथे राजकारण नको, हात जोडते. तुम्ही दोघं दुसरा धागा काढा, मी तिथे येऊन वाचेन.

रोखपाल काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. गावात तेव्हा जिल्हा बँकेचीच शाखा होती, आजीचं खातंही तिथेच. बाबा म्हणाले, त्या दिवाळीनंतर ती 'मला एकदा विट्याला ने' असं म्हणत होती, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे असेल असं त्यांना वाटलं. पुढे तिनेच विषय काढला नाही. मला त्या २०००च्या नोटांचं जास्त नवल वाटतं. त्या नोटबंदीनंतरच्या, म्हणजे एवढं होऊनही तिने डबाच भरला, बँक नाही.

तुम्ही म्हणालात तशा नोटा वेगळ्या केल्या. ५००ची एक नोट लाल किल्ल्याची निघाली! म्हणजे जुन्या ७०च. काकांना कराडचा नाद सोडायला लावला आहे. वकिलांची वेळ घेतलीय. एकच राहिलं: २०००च्या नोटा आजीच्या होत्या, मग अर्ज कुणाच्या नावाने भरायचा?

निवृत्त_रोखपाल

बाबांच्या. ते वारस आहेत आणि नोटा आता त्यांच्याकडे आहेत. खातंही त्यांचंच द्या, केवायसी झालेलं, अर्जावरचं आणि आधारवरचं नाव सारखं हवं. साध्या पाकिटात घालू नका, पोस्टात विमा उतरवून पाठवा आणि पावती जपा. नोटांचे नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

बेदाणा_किंग

आणि ती लाल किल्ल्याची नोट खर्चू नका ओ ताई.

खानापूरकरीण

ती बाबांनी कधीच पाकिटात घातली 🙂