फ्लोअरवर फायबर नको, पत्रा बदला

गाडीच्या गंजलेल्या फ्लोअरवर (तळाच्या पत्र्यावर) फायबरचं कापड आणि रेझिन चढवायचं कुणीतरी सुचवलंय. नका करू. ओल आत कोंडते आणि गंज खालून खातच राहतो. आधी कार्पेट आणि त्याखालचा डांबरी थर खरवडून काढा, मग स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. टोक आरपार गेलं की तिथला पत्रा गेला. (माझी तर अख्खी मूठ आत गेली होती!) फ्लोअर खचलंय म्हणजे सिल (दाराखालची लांब पोकळ पट्टी) आणि क्रॉस मेंबर (फ्लोअरखालचे आडवे आधार) हेही बघाच. गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसेल, तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्डिंगचे छोटे टाके मारून बसवा. नाहीतर बॉडी वाकेल आणि नंतर दार लागणार नाही. नवा पत्रा १८ गेजचा (साधारण १.२ मिमी जाड), टाके एकमेकांपासून लांब लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. आणि हो, वेल्डिंगआधी बॅटरी काढा, खालून जाणारी पेट्रोलची नळीही.