लेखनाची मनापासून आवड असलेल्या बहिणीला काय भेट द्यावी?

निळीसावली:

माझी थोरली बहीण अनेक वर्षांपासून कथा आणि ललित लेख लिहिते आहे. त्यांतले काही छापून आले, बरेचसे वह्यांमध्येच राहिले. ती लवकरच नोकरीतून निवृत्त होते आहे आणि त्यानंतर लेखनालाच पूर्ण वेळ द्यायचा, असे तिने ठरवले आहे. त्या निमित्ताने तिला काहीतरी द्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. परंतु लेखकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू पाहिल्या की पाऊल मागे येते. सुविचार छापलेले कप, चामड्याच्या वेष्टनातल्या जाडजूड रोजनिश्या, पेटीत ठेवलेली सोनेरी पेने यांपैकी काहीही दिले तरी ती त्याचे कौतुक करील, कपाटात जपून ठेवील आणि पुन्हा आपल्या नेहमीच्या वहीकडे वळेल.

तिच्या सवयी सांगते, म्हणजे सुचवणाऱ्यांना सोपे जाईल. पहिला खर्डा ती हाताने लिहिते आणि नंतर तो संगणकावर टंकते. अक्षर बारीक आणि दाट आहे. पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिते, आणि डावीकडे रुंद समास सोडून त्यात मागाहून दुरुस्त्या करते. बॉलपेन वापरते, पण ते इतके दाबून चालवते की पानाच्या मागून हात फिरवला तर प्रत्येक ओळ बोटांना लागते. सलग बराच वेळ लिहिले की अंगठा दुखतो, अशी तिची हल्ली तक्रार असते. जुन्या वह्यांचा गठ्ठा माळ्यावर आहे आणि त्यांची पाने शिवणीपासून सुटू लागली आहेत.

तिच्या रोजच्या उपयोगाचे आणि तरीही आपुलकीने निवडलेले वाटेल, असे काय देता येईल?

कागदवेडा:

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की त्यातच अर्धे उत्तर आले आहे. अंगठा दुखण्याचे कारण बहुधा बॉलपेनच असावे. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते. टोकावरचा गोळा कागदावर फिरला तरच ती खाली उतरते आणि त्यासाठी हाताला सतत दाब द्यावा लागतो. फाउंटन पेनची शाई पाण्यासारखी पातळ असते. ती निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप कागदापर्यंत येते, त्यामुळे निब नुसती टेकवून पुढे सरकवली तरी ओळ उमटते. दाबून लिहिण्याची सवय मोडायला काही आठवडे जातात, पण ज्यांना तासन्‌तास लिहायचे आहे, त्यांच्या हाताला हा फरक निश्चित जाणवतो. अर्थात दुखणे तरीही राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे; ते काम पेनाचे नव्हे.

पेन निवडताना दिसण्यापेक्षा निबेकडे लक्ष द्यावे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात, शिवाय जोडाक्षरांची गुंतागुंत. जाड निबेने बारीक अक्षर लिहिले तर ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांची पोटे शाईने भरून जातात. बहिणीचे अक्षर दाट असल्यामुळे बारीक, म्हणजे ‘एफ’ खुणेची निब घ्यावी. येथे एक बारकावा आहे: जपानी बनावटीच्या निबा युरोपीय निबांपेक्षा साधारण एका मापाने बारीक असतात, त्यामुळे युरोपीय पेन घेतल्यास ‘ईएफ’, म्हणजे अतिबारीक निब पाहावी. निब स्टीलची असली तरी काही बिघडत नाही. सोन्याची निब महाग असते, परंतु लिहिण्यातला गुळगुळीतपणा मुख्यत्वे टोकावरच्या कठीण धातूच्या बिंदूला पॉलिश कसे केले आहे, यावर ठरतो आणि तो बिंदू दोन्ही प्रकारांत असतो. उलट दाबून लिहिणाऱ्या हाताला मऊ सोन्याच्या निबेपेक्षा ताठ स्टीलची निबच अधिक मानवते.

शाई भरण्यासाठी कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी नळी असलेले पेन घ्यावे, म्हणजे दौतीतली शाई वापरता येते. कन्व्हर्टरमध्ये साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, तेव्हा 50 मिलिलिटरची दौत दीर्घकाळ पुरेल. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई मात्र फाउंटन पेनात कधीही भरू नये. ती आत वाळली की पेन कायमचे निकामी होऊ शकते.

आता कागद, कारण माझ्या मते खरी भेट तीच आहे. बहीण पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिते, म्हणजे शाई मागे उमटता कामा नये. बहुतेक जण केवळ जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन पाहून कागद निवडतात. 80 ते 100 जीएसएमचा कागद सहसा चांगला निघतो हे खरे असले, तरी शाई कागदावर फुटते की नाही, हे त्याला कोणती आणि किती खळ दिली आहे यावर अधिक अवलंबून असते. ‘तोमोए रिव्हर’ नावाचा जपानी कागद अवघ्या 52 जीएसएमचा असूनही शाई झेलण्यासाठी नावाजला गेला. मागची ओळ त्यातून सावलीसारखी दिसते, पण शाई आरपार जात नाही. म्हणून वही घेताना शक्य असेल तर शेवटच्या पानावर एक ओळ लिहून, दोन मिनिटे थांबून, पान उलटून पाहावे. अक्षराच्या कडांना केसांसारखे तंतू फुटले असतील, तर ती वही परत ठेवावी.

बांधणी शिवणीची असावी. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेली वही टेबलावर सपाट उघडते, तर फक्त गोंदाने चिकटवलेली वही मधोमध फुगून राहते आणि डावीकडच्या पानाचा आतला भाग लिहिण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी होतो. समासात दुरुस्त्या करणाऱ्या व्यक्तीला ए5 आकार अपुरा पडेल. बी5 किंवा ए4 घ्यावी. ओळींमधले अंतर 8 मिलिमीटरच्या आसपास असेल, तर मात्रा आणि उकार एकमेकांत अडकत नाहीत. आणि एकच भारी वही देण्यापेक्षा तशाच चार-पाच साध्या वह्या द्याव्यात. एकुलत्या एका सुंदर वहीत काटछाट करायला हात धजत नाही, आणि पहिला खर्डा म्हणजे तर सगळी काटछाटच.

पहिलीवाचक:

पेन आणि वही यांबद्दल वर जे लिहिले आहे, ते पटले. तरीही, जी व्यक्ती इतकी वर्षे लिहिते आहे आणि जिचे पुष्कळसे लेखन वहीतच राहिले आहे, तिला सर्वांत जास्त उणीव कशाची भासत असेल, याचा विचार आपण करावा असे सुचवते. मी स्वतः लिहिते, आणि माझ्यापुरते सांगायचे तर ती उणीव लक्षपूर्वक वाचणाऱ्या माणसाची असते. ‘छान लिहिले आहेस’ हे सगळेच म्हणतात. पण एखाद्याने कथा दोनदा वाचून, अमुक पानावर मी थांबले, या संवादापाशी मला हसू आले, येथे हा माणूस खोलीत कधी आला ते कळले नाही, असे लिहून द्यावे, याचे मोल फार मोठे असते.

बहिणीला आपण एक पत्र लिहावे आणि त्यात वर्षभर दर महिन्याला तिची एक कथा वाचून सविस्तर लेखी अभिप्राय देईन, असे नमूद करावे. वाचताना शुद्धलेखन तपासत बसू नये. ते शेवटच्या हाताचे काम आहे. कुठे रमलात, कुठे घाई झाल्यासारखी वाटली, काय समजले नाही, एवढेच प्रामाणिकपणे नोंदवावे. कथेचा शेवट कसा हवा होता, हे मात्र तिने विचारल्याशिवाय सांगू नये, कारण मग ती कथा तिची राहत नाही. हे वचन पाळता येणार असेल तरच द्यावे. पहिल्या दोन महिन्यांनंतर अभिप्राय येणे थांबले, तर लिहिणाऱ्याच्या मनाला ते फार लागते.

रात्रपाळी:

माळ्यावरच्या वह्यांकडे कोणी लक्ष वेधले नाही, म्हणून लिहितो. पाने सुटू लागली आहेत, म्हणजे हे काम आधी करण्यासारखे आहे. प्रत्येक पान 300 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 300 बिंदू टिपून, रंगीत स्कॅन करावे. काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये पेन्सिलीच्या आणि फिकट शाईच्या दुरुस्त्या नाहीशा होतात, आणि समासातल्या त्या दुरुस्त्याच तर मौल्यवान आहेत. प्रत्येक वहीची वेगळी फाइल करून तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ वह्या माळ्यावरच्या उष्णतेतून आणि दमटपणातून खाली आणून आम्लविरहित कागदाच्या खोक्यात आडव्या ठेवाव्यात. सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. तिचा गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि कागदात झिरपतो.

हे गुपचूप करून तिला चकित करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा, अशी विनंती करतो. वह्यांमध्ये कथांच्या बरोबरीने खाजगी नोंदीही असू शकतात. आधी विचारावे, कोणत्या वह्या द्यायच्या ते तिला ठरवू द्यावे.

निळीसावली:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. स्कॅनिंगबद्दल तिला उद्याच विचारते. कथा वाचून अभिप्राय देण्याची कल्पना फार आवडली. मात्र दर महिन्याऐवजी दोन महिन्यांतून एक कथा असे वचन देईन, कारण तेवढे मला नक्की निभावता येईल. आता दोन शंका उरल्या आहेत. पेनावर तिचे नाव कोरून घ्यावे का? आणि लेखन कार्यशाळेचे शुल्क भरले तर तिला आवडेल का?

कागदवेडा:

नाव लगेच कोरू नये. कोरलेले पेन सहसा बदलून मिळत नाही आणि निब हाताला मानवते की नाही, हे महिनाभर लिहिल्यावरच कळते. पेन घेताना निब बदलून मिळेल का, हे मात्र विचारून ठेवावे.

पहिलीवाचक:

कार्यशाळा तिने स्वतःहून बोलून दाखवली असेल तरच. मुरलेल्या लेखिकेला न मागता शिकवणी दिली, तर तिच्या लेखनात काही उणे आहे असे सुचवल्यासारखे होते. त्याऐवजी तिच्या आवडीच्या वाङ्मयीन नियतकालिकाची वर्षाची वर्गणी भरावी. सध्या कोण काय लिहिते आहे, ते तिला वाचायला मिळेल, आणि आपल्या कथा कुठे पाठवाव्यात याचाही अंदाज येईल.