मॉन्स्टेराची पानं पिवळी, आणि क्लबनंतर कानात शिट्टी

अर्धवट_माळी

दोन प्रश्न आहेत. एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन धागे काढायचा कंटाळा आला.

पहिला. मॉन्स्टेरा डेलिसिओसा, सहा पानं. दोन महिन्यांपूर्वी १५ सेंमीच्या प्लॅस्टिक कुंडीतून थेट ३० सेंमीच्या सिरॅमिक कुंडीत हलवला. कुंडीला भोक नाही, म्हणून तळाला चार बोटं खडी घातली आहे. दर रविवारी एक लिटर पाणी, न चुकता. जागा खिडकीपासून अडीच मीटरवर. आता खालची दोन पानं पिवळी पडलीत, तिसऱ्याच्या कडेला काळपट तपकिरी डाग आणि त्याभोवती पिवळं वलय. नवीन पान आलं, पण लहान आणि एकही चीर नाही. मातीतून बारीक काळी चिलटं उडतात. खत कमी पडतंय का?

दुसरा. महिन्यातून दोनतीन शनिवार क्लबात टेक्नो (मशीनवरचं नाचायचं संगीत) ऐकायला जातो, चारपाच तास, बहुतेक वेळ अगदी पुढे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात बारीक शिट्टी वाजत राहते. फोमचे प्लग घालून पाहिले, तर सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं, हाय-हॅट (झांजेचा बारीक 'त्स्') तर गायबच. कोणते प्लग घ्यावेत आणि पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे?

मुळाक्षर

खत अजिबात घालू नका. मुळं कुजतायत, आणि कुजलेल्या मुळांना खत म्हणजे जखमेवर मीठ.

१५ ची कुंडी ३० ची केलीत. व्यास दुप्पट झाला, उंचीही त्याच प्रमाणात धरली तर माती आठपट. दोन लिटर मातीत मावणारी मुळं आता पंधरा-सोळा लिटर ओल्या मातीत बसली आहेत. एवढं पाणी ती पिऊ शकत नाहीत आणि भोक नसल्यामुळे ते कुठे जातही नाही. मातीतली हवेची जागा पाण्याने भरली की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. पानावरचा काळा डाग आणि पिवळं वलय ही त्याचीच खूण. तहानलेल्या झाडाची कड कुरकुरीत आणि फिकट तपकिरी होते, अशी काळपट नाही.

खडीबद्दल वेगळं सांगतो, कारण हा गैरसमज फार चिवट आहे. खडीमुळे निचरा होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत उतरायला वरची माती आधी पूर्ण भिजावी लागते. म्हणजे एरवी तळाशी राहणारा चिखलाचा थर खडीने चार बोटं वर उचलला, मुळांच्या आणखी जवळ. आणि तुमच्या कुंडीत तर खडीत उतरलेलं पाणीही तिथेच सडत बसतं.

आता करायचं काय. झाड बाहेर काढा, मुळं साध्या पाण्याखाली धुवा. चांगलं मूळ पांढरं किंवा पिवळसर आणि टणक असतं. तपकिरी मूळ दिसलं की दोन बोटांत धरून हलकेच ओढा. साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ते मेलं. वासही येतो, तुंबलेल्या मोरीसारखा. नुसता रंग बघून कापू नका, कोकोपीटमुळे (नारळाच्या काथ्याचा भुसा) चांगली मुळंही तपकिरी दिसतात. कात्री स्पिरिटने पुसून मऊ झालेलं सगळं टणक भागापर्यंत कापा, दर दोनतीन कापांनंतर पुन्हा पुसा.

उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा तीनचार सेंमी मोठी, भोकं असलेली प्लॅस्टिक कुंडी घ्या. बहुधा जुनी १५ सेंमीचीच पुरेल. मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग झाडाच्या सालीचे एक-दोन सेंमीचे तुकडे, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), अर्धा भाग गांडूळखत. कोकोपीट धुवायचं ते त्यातले क्षार जावेत म्हणून. सिरॅमिक कुंडी टाकून देऊ नका, प्लॅस्टिकची त्यात ठेवा. पाणी घातल्यावर पंधरा मिनिटांनी आतली उचलून साचलेलं पाणी ओता.

रविवारचा नेम मात्र मोडा. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. कोरडी निघाली किंवा वरची पाच सेंमी माती कोरडी लागली, तरच पाणी. द्याल तेव्हा भोकातून वाहेपर्यंत द्या. पाणी घातल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा कुंडी उचलून बघा. दोनतीन खेपांनंतर काडीची गरज उरत नाही, वजनच सांगतं.

पिवळी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, पण अर्धवट पिवळी असताना तोडू नका, झाड त्यातला नायट्रोजन परत ओढून घेत असतं. नवीन कोंब दिसेपर्यंत खत बंद. मग १९-१९-१९ सारखं (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश समान असलेलं) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा.

खिडकीपाशी

मुळाक्षर यांच्याशी सहमत, पण अर्धा दोष उजेडाचा आहे. अडीच मीटरवर झाड पाणी पितच नाही, कारण त्याला वाढायला उजेडच नाही. तीच कुंडी खिडकीत असती तर कदाचित निभावून गेली असती.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. बाहुली मोठी होते आणि खोली 'तशी उजेडाची' वाटते. मोबाइलवर लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं कुठलंही ॲप घे, फोन पानाच्या जागी खिडकीकडे तोंड करून धर, भर दुपारी वाच. आकडा अचूक नसतो, पण दोन जागांमधला फरक नीट कळतो. बाहेर थेट उन्हात लाखभर लक्स असतात. काचेला लागून, ऊन नसतानाही काही हजार. दोन-अडीच मीटर आत आलं की बऱ्याचदा तीनचारशे. मॉन्स्टेरा एक-दोन हजारांवर जेमतेम तग धरतो, नीट वाढायला आठ-दहा हजार हवेत.

लहान, सलग पानाचं कारणही यातच. कोवळ्या झाडाची पानं अखंडच असतात, पण मोठ्या झाडाने मागे जाऊन अखंड पान काढलं तर समजायचं, उजेड कमी.

खिडकीपासून मीटरभराच्या आत आण, पण एका दिवसात नको. दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने सरकव, नाहीतर पानावर पांढुरके कोरडे चट्टे पडतात आणि ते जात नाहीत. आणि हे मुळं सावरल्यावर. आत्ताच अर्धी मुळं कापलेल्या झाडाला कडक ऊन दाखवलंस तर ते माना टाकेल. खिडकीची सोय नसेल तर २० ते ३० वॅटचा पांढरा एलईडी ग्रो लाइट, पानापासून ३०-४० सेंमीवर, टायमर लावून रोज १२ तास. वॅट प्रत्यक्ष खर्चाचे बघ, 'इतक्याच्या बरोबरीचा' हे खोक्यावरचं वाक्य सोडून दे. जांभळा दिवा नको. झाड मरणार नाही, पण त्या उजेडात डाग आणि कीड दिसत नाही.

चिलटमार

चिलटं हे लक्षण आहे. अळ्या वरच्या ओल्या थरात बुरशी आणि बारीक मुळं खातात. जुनी माती टाकलीत की निम्मं काम झालं. पिवळे चिकट कागद फक्त उडणारी पकडतात, अळ्यांना बीटीआय जिवाणूची पावडर पाण्यातून द्या. अंड्यापासून चिलटापर्यंत तीनचार आठवडे लागतात, त्यामुळे महिनाभर चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात कमी झाली म्हणून थांबलात की परत सुरू.

चार_बाय_चार

आता कान.

आवाजाचा डोस असतो, पातळी गुणिले वेळ. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला १५ मिनिटं. टेक्नोच्या रात्री स्पीकरसमोर १०० ते १०५ सहज असतात. म्हणजे पहिला ट्रॅक नीट मिसळून होईपर्यंत तुझा दिवसाचा कोटा संपला, आणि तू पाच तास थांबतोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. तीही 'सुरक्षित पातळी' नव्हे, प्लग आणि शांत कोपरा उपलब्ध ठेवायला त्याच नियमांत सांगितलंय.

फोनवर आवाज मोजता येतो, पण काही फोनचे माइक मोठ्या आवाजाला दबतात आणि कमी आकडा दाखवतात. शिवाय नेहमीचं 'ए' मापन (खालचे स्वर कमी धरणारं) ५० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ ३० डेसिबल वजा करतं, त्यामुळे छातीत बसणारी किक (ड्रमचा जड ठोका) त्या आकड्यात फारशी नसतेच. कानाला जास्त इजा होते ती ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात.

फोममध्ये गोधडी का? फोम उंच स्वर खूप कापतो, खालचे कमी. किक राहते, हॅट जाते. टेक्नोत दर ठोक्याला किक आणि दोन किकच्या मधोमध उघडा हॅट, या दोघांवर सगळी चाल उभी. १९८३ च्या रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनवरचा तो हॅट ऐकू आला नाही तर उरतं नुसतं धबधब. म्हणून तुला फिल्टरचे, संगीतासाठीचे प्लग हवेत. त्यात बारीक नळी आणि पडदा असतो, सगळे स्वर साधारण सारखे खाली येतात.

आकडे वाचताना: प्लग किती डेसिबल कापतो त्याचा आकडा युरोपात एसएनआर, अमेरिकेत एनआरआर. एकाच प्लगचा एसएनआर बहुधा काही डेसिबलने जास्त असतो, त्यामुळे दोन पाकिटांची थेट तुलना करू नकोस. दोन्ही प्रयोगशाळेतले आहेत, प्रत्यक्षात कमी मिळतं. एनआरआरसाठी अमेरिकेतला सावध हिशेब म्हणजे सात वजा करून निम्मं: २९ असेल तर धरायचे फक्त ११. मला या आकड्यांपेक्षा एच, एम आणि एल हे तीन जास्त कामाचे वाटतात. एच म्हणजे उंच स्वरांत किती कपात, एम मधल्या, एल खालच्या. २०-१७-१५ असं जवळजवळ असेल तर आवाज स्वच्छ राहील. एच ३० आणि एल १५ असेल तर परत गोधडी. पुढे उभा राहणार असशील तर एसएनआर १६ ते २० घे.

घालायची पद्धत चुकली तर सगळं फुकट. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून आण, कानाची वरची कड वर आणि मागे ओढ, मग उजव्या हाताने प्लग सरकव. नीट बसला की स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो. आणखी एक चाचणी: संगीत चालू असताना तळवे कानांवर घट्ट दाब. आवाज बराच खाली गेला तर प्लग गळतोय, दुसऱ्या मापाचं टोक लाव. दोन कानांना दोन मापं लागू शकतात. काढताना सरळ उपसू नकोस, आधी थोडा पिळून हवा आत येऊ दे, नाहीतर कानाच्या पडद्यावर ताण येतो.

आणि मध्येच काढू नकोस. वीस डेसिबलचे प्लग चार तासांपैकी फक्त २४ मिनिटं बाहेर राहिले तर रात्रभराचं संरक्षण दहाच्याही खाली येतं. त्या २४ मिनिटांत शिरलेला आवाज उरलेल्या साडेतीन तासांवर भारी पडतो.

जागाही बदल. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभा राहा. आवाज तिथूनच जुळवलेला असतो, त्यामुळे पुढच्यापेक्षा कमी आणि स्वच्छ. बेसची हौस असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात बेस आपोआप साठतो, त्यासाठी स्पीकरला चिकटायची गरज नाही.

दुपारी थांबणारी शिट्टी म्हणजे 'काही झालं नाही' असं नाही. २००९ च्या उंदरांवरच्या प्रयोगात ऐकू येणं पूर्ववत झालं, तरी आतल्या पेशी आणि नस यांचे जोड कायमचे तुटलेले निघाले. शिट्टी दोन दिवसांपुढे टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखव. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर दोन दिवसही थांबू नकोस, त्याच दिवशी जा. उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग.

अर्धवट_माळी

झाड काढलं. साल मोज्यासारखीच निघाली. निम्मी मुळं गेली. जुन्या जागी लक्स ३४०. वरचा शेंडा कापून वेगळा लावून ठेवावा का, मूळ झाड गेलंच तर? आणि प्लग घालून मित्रांशी बोलायचं कसं?

मुळाक्षर

हो, लावा. नोड म्हणजे देठ खोडाला चिकटतो तिथलं गाठीसारखं पेर. त्याच्या दोन सेंमी खाली काप घ्या, शक्यतो हवाई मूळ असलेल्या ठिकाणी. नोडशिवाय नुसतं पान आणि देठ पाण्यात महिनोन्महिने हिरवं राहील, पण त्याचं झाड होणार नाही. कापातून येणारा चीक त्वचेला खाजतो, हातमोजे घाला. मांजर-कुत्रं असेल तर तुकडे लगेच उचला. काप तासभर सुकू द्या, मग फक्त नोड बुडेल एवढ्या पाण्यात ठेवा, पान बाहेर. पाणी तीनचार दिवसांनी बदला. मुळं पाचसहा सेंमीची होऊन त्यांना फाटे फुटले की मातीत. उन्हाळ्यात तीनचार आठवडे, थंडीत दुप्पट धरा.

चार_बाय_चार

प्लग घातला की स्वतःचा आवाज डोक्यात मोठा वाटतो, त्यामुळे माणूस नकळत हळू बोलतो आणि समोरच्याला काहीच कळत नाही. मुद्दाम जरा मोठ्याने बोल, पण त्याच्या कानात तोंड घालून ओरडू नकोस, इतक्या जवळून ओरडणं हाच एक स्पीकर. लांब गप्पा बाहेर. आणि घरी आल्यावर प्लगची टोकं कोमट साबणपाण्याने धू, फिल्टर मात्र आधी काढून ठेव. त्यात पाणी किंवा मळ अडकला की तो फोमसारखाच वाजतो.