सतपाल सिंह : मल्ल मोठा की वस्ताद?

प्रश्न (ऐरोली): मॅटवर (गादीवर) कुस्तीचा सराव करणाऱ्या माझ्या मुलाचे वस्ताद (प्रशिक्षक) सतत मल्ल सतपाल सिंह यांचे नाव घेतात, त्यांचे मोठेपण नेमके कशात आहे?

उत्तर (कळवा): गुरू हनुमान यांच्या आखाड्यात घडलेल्या सतपाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, परंतु पुढे दिल्लीच्याच छत्रसाल स्टेडियमवर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सुशीलकुमारने २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला कांस्य आणि २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला रौप्य मिळवले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

उत्तर (कोपरी): सहमत. मातीत पाठ टेकवली की कुस्ती निकाली. मॅटवर मात्र चितपट झाली नाही तर सहा मिनिटे एकेक गुण राखत लढावे लागते. आमच्या तालमीतली पोरे अजूनही चितपटीच्या घाईत पट काढायला (समोरच्याचे पाय धरून पाडायला) जातात आणि समोरच्याला आपल्या पाठीमागे येऊ देऊन गुण देऊन बसतात. ती सवय मोडणे हीच वस्तादाची खरी मेहनत.