ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम घरी: कुठपर्यंत हात घालावा?

रंकाळा_चक्कर
२०१२ ची छोटी हॅचबॅक आहे. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक, डिपस्टिक आहे. ९०,००० किमीच्या वर चाललीय. तक्रारी दोन. सकाळी थंड गाडीत 'डी' टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग हलका झटका देऊन गाडी उचलते. आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस उगाच वर उडते. वैभववाडीहून करूळ घाट चढून आलं की हे जास्त होतं. गिअर ऑइल आधीच्या मालकानं कधी बदललं, नोंद नाही. एका गॅरेजमध्ये गाडीखाली वाकूनही न बघता "ओव्हरहॉल, ६०,००० धरा" म्हणून सांगितलं.
माझ्याकडे जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) आहे. यातलं घरी काय करता येईल आणि कुठं थांबायचं?

लाल_एटीएफ
ओव्हरहॉल सध्या बाजूला ठेवा. आधी लेव्हल बघा, आणि ती नीट बघा, कारण निम्मे लोक इथंच चुकतात. थंड गाडीत डिपस्टिक काढून उपयोग नाही, एटीएफ (ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल) तापल्यावर फुगतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून ऑइल ७०-८० अंशांवर येऊ द्या. सपाट फरशीवर लावा, उतारावरच्या बोळात नको. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत 'पी' ते शेवटपर्यंत नेऊन परत आणा, म्हणजे सगळे मार्ग भरतात. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा. लिव्हर 'पी'त की 'एन'मध्ये, ते मॅन्युअलमध्ये असतं. (जुन्या होंडांची रीत उलटी: इंजिन बंद करून लगेच दीड मिनिटाच्या आत बघायचं. म्हणून दुसऱ्याच्या गाडीची पद्धत उचलू नका.) पुसायला कॉटन वेस्ट अजिबात नको. त्याचा एक दोरा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.

आता एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लाल आणि आरपार पसरणारा असेल तर ठीक. तपकिरी म्हणजे जुनं झालंय. मधे काळा ठिपका आणि करपल्याचा वास म्हणजे क्लच प्लेटचं अस्तर झिजून ऑइलमध्ये आलंय. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी रंग दिसला तर गाडी चालूच करू नका. त्यात पाणी आहे, बहुतेक रेडिएटरमधल्या कूलरमधून आलेलं. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांत ते ब्रीदरमधूनही (गिअरबॉक्सचं हवेचं छिद्र) शिरतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इथं कोल्हापुरात स्वस्तात आलेली गाडी घेतली असेल तर हे पहिलं बघायचं. पाण्यानं अस्तर प्लेटला धरून ठेवणारा गोंद सुटतो, मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

लेव्हल कमी असेल तर तुमच्या दोन्ही तक्रारी त्यातून येऊ शकतात. पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, फेसाचा दाब बनत नाही आणि क्लच वेळेवर धरत नाही. चढावर ऑइल मागं सरकतं तेव्हा जास्तच. लेव्हल बरोबर असूनही थंडीत उशीर होत असेल तर क्लच दाबणाऱ्या पिस्टनचे रबरी सील कडक झालेत असा संशय. गरम झाल्यावर बिघडत असेल तर पातळ ऑइल कुठंतरी आतून निसटतंय.

उद्यमनगर_लेथ
वरचं सगळं मान्य. ऑइल बदलण्याबद्दल लिहितो, ते घरी होतं.

ड्रेन प्लग उघडला की टॉर्क कन्व्हर्टरमधलं आणि कूलरमधलं ऑइल खाली येत नाही. तुमच्या साइजच्या गिअरबॉक्समधून एका वेळी साधारण निम्मं निघतं. म्हणजे एकदा बदललं की ५० टक्के नवीन, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा ८७. मधे १००-२०० किमी चालवायची. साडेतीन लिटर निघत असेल तर तीन फेऱ्यांना दहा-अकरा लिटर धरा. मशीन लावून दाबानं फ्लश मारणाऱ्याकडे या गाडीसाठी जाऊ नका. तळाचा गाळ उठून सोलेनॉइडच्या (ऑइलची वाट उघड-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) बारीक जाळीत बसतो.

गाडी चारही स्टँडवर, समपातळीत. विटा-लाकडं लावून कुणी खाली झोपू नये, एवढं तरी पाळा. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको. किती निघालं ते खुणेच्या कॅनमध्ये मोजा आणि तेवढंच भरा. मूळ लेव्हल कमी असेल तर उरलेलं नंतर १००-२०० मिली करत वाढवा. जास्त भरणं कमी भरण्याइतकंच वाईट. फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि ते ब्रीदरमधून बाहेर येतं. प्लगला नवीन वॉशर, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं, हातानं "अजून थोडं" म्हणत आवळला की आटे गेले. ते नीट करायला मग माझ्यासारख्याकडे यावं लागतं.

प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे तुकडे किंवा पितळी चमक दिसली तर पुढच्या फेरीचं ऑइल विकत घेऊ नका, पैसे ओव्हरहॉलसाठी ठेवा.

ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच. एसपी-३ सांगितलं असेल तर एसपी-४ "पुढचं आहे म्हणून चांगलं" असं नसतं. घर्षणाचा गुण वेगळा असतो, शिफ्ट बिघडतं. आणि काढलेलं ऑइल गटारात नको. ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जाऊ शकतं. जुनं ऑइल घेणाऱ्याला कॅन भरून द्या.

घाटवाट
ऑइल करण्याआधी कोड वाचून लिहून ठेवा. स्वस्त स्कॅनर कधीकधी फक्त इंजिनचे कोड दाखवतो, गिअरबॉक्सचं मॉड्यूल वाचतो का ते तपासा. पी०७३१ ते पी०७३४ म्हणजे त्या-त्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे प्रत्यक्ष स्लिप (क्लच घसरणं). पी०७१५ आणि पी०७२० हे इनपुट-आउटपुट स्पीड सेन्सर, बाहेरून बदलता येतात. पी०७०५ म्हणजे लिव्हरची जागा सांगणारा इनहिबिटर स्विच. पावसाळ्यात चिखलपाणी जाऊन हा बिघडतो, मग 'पी'त सेल्फ लागत नाही किंवा मीटरवर भलताच गिअर दिसतो. तो बदलताना 'एन'ची खूण जुळवायची, बाकी दोन बोल्टचं काम.

सोलेनॉइड न उघडता तपासता येतात. इग्निशन बंद, बाहेरचा कनेक्टर काढा आणि मल्टिमीटरनं ओहम मोजा. एकाच प्रकारचे सोलेनॉइड एकमेकांशी ताडा. बाकीचे एकसारखे आणि एकच उघडा सर्किट दाखवत असेल तर चोर सापडला. पण ओहम बरोबर आला म्हणजे सोलेनॉइड चांगला असं नाही. आतला प्लंजर गाळानं अडकलेला मीटरवर दिसत नाही.

स्टॉल टेस्टचे (गाडी ब्रेकवर धरून गिअरमध्ये रेस द्यायची चाचणी) व्हिडिओ बघून ब्रेक दाबून फुल रेस देऊ नका. पाच सेकंदांच्या वर गेलं की कन्व्हर्टरमधलं ऑइल करपतं, आणि पुढं कुणी उभं असेल तर विषय वेगळाच. त्यापेक्षा लाइन प्रेशर (पंपाच्या ऑइलचा दाब) मोजलेलं बरं. केसिंगवर टेस्ट पोर्ट असतो, ३० बारचा गेज पुरतो. मॅन्युअलमधले आकडे थंड नाही, गरम ऑइलचे असतात.

(एएमटीवाले हा धागा वाचत असतील तर: तुमचा गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे, वर क्लच-गिअर आपोआप चालवणारा, बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक, अ‍ॅक्च्युएटर बसवलेला. वरचं एटीएफचं काही तुम्हाला लागू नाही. अ‍ॅक्च्युएटरचे पाइप दाबाखाली असतात, स्कॅनरनं दाब सोडल्याशिवाय ढिले करू नका. क्लच बदलला की लर्निंग (नव्या क्लचची कॉम्प्युटरला ओळख) करावंच लागतं.)

रंकाळा_चक्कर
सगळ्यांचे आभार. तपासलं. गरम गाडीत लेव्हल किमान खुणेच्याही खाली, ऑइल तपकिरी, करपल्याचा वास नाही. कोड एकच, पी०७३३. समजा ऑइल बदलून नाही सुटलं, तर व्हॉल्व्ह बॉडी घरी काढू का? आणि पुढं पूर्ण गिअरबॉक्स? उद्यमनगर (इथली लेथ-वर्कशॉपची वसाहत) जवळच आहे, पुलर (घट्ट भाग ओढून काढायचं हत्यार) वगैरे बनवून मिळेल.

उद्यमनगर_लेथ
पुलर मिळेल हो, अडचण पुलरची नाहीच. गिअरबॉक्स साठ-सत्तर किलोचा, पोटावर घेऊन उतरवता येत नाही. बसवताना खरी फसगत कन्व्हर्टरची. तो फिरवत फिरवत टप्प्याटप्प्यानं आत बसतो आणि शेवटी पंपाच्या खाचेत जातो. शेवटचा टप्पा राहिला आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सची इंजिनला भिडणारी बाजू) बोल्टनं ओढून घेतलं की पंप फुटला. जाणकार माणूस कडेवर पट्टी ठेवून खोली मोजतो, मगच इंजिनला भिडवतो. क्लच पॅकचं क्लिअरन्स फीलर गेजनं, टेफ्लॉन रिंगला साइझिंग टूल, नव्या प्लेटा आधी एटीएफमध्ये भिजवलेल्या, स्प्रिंगसाठी कंप्रेसर. आणि टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो. लेथवर कापून देईन मी, पण परत जोडून बॅलन्स आणि लीक टेस्ट करायची सोय नसेल तर हात लावायचा नाही.

व्हॉल्व्ह बॉडी मधल्या वाटेवर आहे. बाहेरचं कव्हर काढून ती निघत असेल तर आख्खी काढून सोलेनॉइड बदलणं स्वच्छ टेबलावर जमतं. तिची दोन अर्धुकं वेगळी करू नका. आत छोटे चेक बॉल असतात, सगळे सारखे दिसतात, एक चुकीच्या घरात गेला की गिअरच गायब. बोल्ट बारीक, बहुतेक १० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि लांबी वेगवेगळी. पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यातच खोचून ठेवा. गॅस्केटला सिलिकॉन फासणाऱ्यांना तर नमस्कार. आत पडलेला तुकडा थेट फिल्टरला.

लाल_एटीएफ
पी०७३३ म्हणजे तिसरा गिअर, तुमच्या तक्रारीशी जुळतंय. पण कमी लेव्हलमध्ये वाचलेला कोड मी खरा धरत नाही.

ऑइल गेलं कुठं ते आधी शोधा, एटीएफ जळून संपत नाही. रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा टाका. लाल किंवा तपकिरी थेंब असेल तर गिअरबॉक्सचा, काळपट असेल तर इंजिनचा समजा. अ‍ॅक्सलचे दोन्ही ऑइल सील, कूलरच्या होजचे क्लॅम्प, लिव्हरच्या शाफ्टचं सील, ड्रेन वॉशर या क्रमानं बघा. जागा पुसून टाल्कम पावडर मारली तर ओल कुठून सुरू होते ते लगेच कळतं. होज किंवा क्लॅम्प असेल तर घरीच. अ‍ॅक्सलचं सील तुम्ही अ‍ॅक्सल पूर्वी कधी काढला असेल तरच, कारण बसवताना स्प्लाइननं (शाफ्टच्या टोकाच्या खाचा) नवं सील फाटतं.

मग पहिली फेरी बदला, कोड पुसा, दोन-तीन दिवस शहरातच चालवा. डी लागायला उशीर होतो का आणि पी०७३३ परत येतो का, एवढंच बघा. तिसऱ्याची रेस तरीही उडत असेल तर उरलेल्या फेऱ्या करू नका. लाइन प्रेशर मोजून तो आकडा घेऊन फक्त ऑटोमॅटिकचं काम करणाऱ्याकडे जा. त्याला तीन गोष्टी विचारा: कूलर धुणार की बदलणार, कन्व्हर्टरचं काय करणार, काढलेले पार्ट दाखवणार का. कूलरमध्ये राहिलेली जुनी धातूची पूड नवीन काम थोड्याच दिवसांत खाते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला "गरज नाही" म्हणाला तर पुढचे दोन विचारूच नका.

गाडी ओढून न्यायची वेळ आलीच तर पुढची चाकं उचलून किंवा सरळ फ्लॅटबेडवर. 'एन'मध्ये दोरी लावून नको. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत ऑइल फिरत नाही आणि गिअर कोरडे घासतात.