दहावीनंतर मुलीसाठी अकरावी विज्ञान की विद्युत पदविका? खर्चाची मर्यादा वर्षाला ४० हजार

वाळव्याची_आई:
सर्वांना नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहतो. यजमानांचे मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. मुलीला दहावीत ७८.४० टक्के गुण मिळाले असून त्यांत गणितात ६१ आणि विज्ञानात ८३ आहेत. तिला पुढे विद्युत अभियांत्रिकीची पदवी घ्यायची आहे, हे तिने आठवीतच सांगितले होते. आता प्रश्न असा आहे, की अकरावी-बारावी विज्ञान करून सीईटी (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) द्यावी, की शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून नंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घ्यावा. प्रवास, पुस्तके, जेवण असे सगळे धरून वर्षाला ४० हजारांपेक्षा जास्त खर्च आम्हाला झेपणार नाही, कारण धाकटा मुलगाही शिकतो आहे. ज्यांच्या घरी हा निर्णय झाला आहे, त्यांनी अनुभव सांगावा.

लातूरकर_पालक:
ताई, पदविकेच्या भानगडीत न पडता मुलीला सरळ अकरावी विज्ञानाला घाला आणि चांगला इंटिग्रेटेड क्लास (कॉलेज आणि सीईटीची शिकवणी एकत्र) लावा. आमच्या मुलाला दोन वर्षांचे १ लाख ६० हजार पडले, वसतिगृह वेगळे. पण त्याला सीईटीत ९७ पर्सेंटाइल मिळाले आणि हवे ते महाविद्यालय मिळाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी ५० असे एकूण १५० प्रश्न, गुण २००, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर. एवढी सरळ परीक्षा सोडून तीन वर्षे कारखान्याच्या तंत्रात का घालवायची? मुलांच्या शिक्षणावर केलेला खर्च हा खर्च नसतो.

कृष्णाकाठ_अभियंता:
लातूरकर साहेब, ताईंनी मर्यादा ४० हजारांची सांगितली आहे, तेव्हा १ लाख ६० हजारांचा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. मी स्वतः शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत पदविका केली आणि थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन पदवी पूर्ण केली. पदविकेनंतरच्या प्रवेशासाठी सीईटी लागत नाही, पदविकेच्या गुणांवर यादी लागते. मंजूर जागांच्या १० टक्के जागा त्यासाठी जादा असतात आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात येतात. वर्षांचा हिशेबही सारखाच आहे: बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा, पदविकेची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. फरक इतकाच, की पदविकावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक पूर्ण प्रमाणपत्र असते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता पदासाठी त्यावर अर्ज करता येतो. बारावी विज्ञानाच्या गुणपत्रिकेवर असे काही मिळत नाही.

मिरज_पालक:
कृष्णाकाठ दादांचे म्हणणे ऐकायला चांगले वाटते, पण आमचा अनुभव निराळा आहे. मुलाला दहावीत ८१ टक्के होते, गणितात ६४. खासगी तंत्रनिकेतनात यंत्र शाखेला घातला. पहिल्या वर्षी गणित आणि अभियांत्रिकी चित्रकला राहिली, एटीकेटीवर (विषय राहिलेले असतानाच) पुढे गेला आणि दुसऱ्या वर्षी वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया गेले. ते एक वर्ष तो घरी बसून होता. संस्थेत गणिताला कायम शिक्षकच नव्हते, तासिकेवरचे शिक्षक सत्राच्या मध्येच सोडून जायचे. फी थकली म्हणून मूळ कागदपत्रे देताना आम्हाला चार हेलपाटे घालायला लावले. ताईंच्या मुलीला गणितात ६१ आहेत, हे नजरेआड करू नये.

पुणे_नोकरदार:
मी इथे कारखान्यात देखभाल विभागात आहे. पदविकेवाली मुले पॅनेलसमोर उभी राहिली, की बिघाड शोधतात. बारावी करून पदवी घेतलेल्यांना सुरुवातीचे सहा महिने कॉन्टॅक्टर आणि रिले यांतला फरक सांगावा लागतो. मात्र थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची तिसऱ्या गणितात (दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात) दांडी उडते, हेही खरे आहे. लाप्लास आणि फुरियेचे प्रकरण समोर येते, तेव्हा पहिल्या वर्षाची दोन गणिते त्यांनी केलेली नसतात.

कृष्णाकाठ_अभियंता:
तिसऱ्या गणिताचा बाऊ करण्याची गरज नाही. मी दीड महिन्याच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचे गणित पुन्हा केले आणि पहिल्याच प्रयत्नात ६८ गुणांनी पास झालो. माझ्या वर्गातले पदविकेचे अकराही जण सुटले.

पुणे_नोकरदार:
तुमचे अकरा जण सुटले असतील, आमच्या तुकडीत नऊपैकी पाच जणांचे राहिले होते. मी त्या पाचांतला होतो, म्हणून सांगतो. सुट्टीत अभ्यास करायला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

सांगली_कनिष्ठ_महाविद्यालय:
मी विज्ञान शाखेला शिकवते. दोन्हींच्या मधला एक मार्ग कोणी सांगितलेला दिसत नाही. अकरावी विज्ञानात द्विलक्षी विषय घेता येतो. दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय असतो, आणि त्यात विद्युत देखभाल हाही विषय आहे. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित राहतात, त्यामुळे सीईटीला काही बाधा येत नाही आणि प्रात्यक्षिकाचे गुण टक्केवारी सावरतात. जीवशास्त्र सुटते, पण तुमच्या मुलीला वैद्यकीयकडे जायचे नाही. मात्र प्रत्येक महाविद्यालयात हा विषय नसतो, तेव्हा पसंतीक्रम भरण्यापूर्वी चौकशी करावी. शिवाय ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पुढे पदविकेला मात्र सवलतीचा पास काढावा लागेल. ४० हजारांत हाच मार्ग बसतो, असे मला वाटते.

इस्लामपूरचा_मामा:
मी अजून कोणी न सांगितलेली गोष्ट सांगतो. पदविकेनंतर सीईटी न देता पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. माझ्या भाच्याने तसाच घेतला आणि आज तो चाकणला चांगल्या पगारावर आहे. तेव्हा पदविकाच करा.

कृष्णाकाठ_अभियंता:
मामा, हेच मी वर लिहिले आहे.

वाळव्याची_आई:
सर्वांची आभारी आहे. काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तंत्रनिकेतनात चौकशी केली. मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी जागा मिळेलच असे नाही, आणि बाहेर खोली व मेस धरली तर तेवढ्यातच ४० हजार संपतात. रोज जाऊन-येऊन केले, तर सकाळी सहाची गाडी आणि घरी यायला संध्याकाळचे साडेसात.

दुसरे मुलीबद्दल. उन्हाळ्यात आमच्या ऊसपट्ट्यात थ्री-फेजचा एक फेज गेला, की विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि दुकानासमोर रांग लागते. या मे महिन्यात ती रोज दुकानात बसली. जळालेली कॉइल छिन्नीने तोडून काढायची, खाचा साफ करून इन्सुलेशन कागद घालायचा, जुन्या तारेचा गेज मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहायचा आणि मग वेढे मोजत नवी कॉइल बांधायची. हे सगळे तिने केले. पाच अश्वशक्तीची एक मोटार तिने एकटीने भरली. वार्निश वाळल्यावर यजमानांनी ती चालू केली, तेव्हा तिन्ही फेजचा करंट सारखा आला. तो आकडा तिने वहीत तारखेसह लिहून ठेवला आहे. पण त्याच मुलीला बीजगणिताचे पुस्तक घेऊन बसवले, की ती पंधरा मिनिटांत उठते. क्लासला पैसे घालून हे बदलेल, असे मला आई म्हणून वाटत नाही.

लातूरकर_पालक:
ताई, पंधरा मिनिटांत उठणारी मुले क्लासच्या वातावरणात बसायला शिकतात. आमचा मुलगाही तसाच होता. कर्ज काढा, पण पाया कच्चा ठेवू नका.

निवृत्त_शिल्प_निदेशक:
मी ३१ वर्षे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) इलेक्ट्रिशियन व्यवसायाला (ट्रेडला) शिकवले. मुलीच्या वहीबद्दल वाचून फार बरे वाटले. माहितीसाठी एक गोष्ट लिहितो. इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे आणि दहावी उत्तीर्णांना त्यात प्रवेश मिळतो. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर तीन वाटा असतात. पहिली शिकाऊ उमेदवारीची, १९६१ च्या कायद्यानुसार विद्यावेतनासह. दुसरी नोकरीची; महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत हे प्रमाणपत्र उपयोगी पडते. तिसरी बहुतेक पालकांना ठाऊक नसते: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञान झालेल्यांनाही तो मिळतो, तेव्हा सीईटीत कमी गुण पडलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे.

मात्र माझा सल्ला स्पष्ट आहे. ७८ टक्के असलेल्या मुलीला आयटीआयला घालू नका. आमच्याकडे ५० ते ६० टक्क्यांची मुले यायची. समाज अजून या प्रमाणपत्राकडे खालच्या नजरेने पाहतो. लग्नाच्या बोलण्यात, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे ते आडवे येते. तुमच्या मुलीने पदविकाच करावी. वसतिगृहाचा प्रश्न वर्षभरात सुटतो.

मिरज_पालक:
सरांशी सहमत आहे. आयटीआय नको. पण खासगी पदविकाही नको. अकरावीच बरी.

पुणे_नोकरदार:
पदवीपर्यंत जायचे असेल, तर आयटीआयने रस्ता लांबतो. आयटीआयची दोन, पदविकेची दोन, पदवीची तीन, अशी सात वर्षे होतात. शिवाय गणिताची अडचण सुटत नाही, पुढे ढकलली जाते.

सांगली_कनिष्ठ_महाविद्यालय:
कोणताही मार्ग घेतलात, तरी पुढे पदवीला जाताना एक गोष्ट विसरू नका. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्ग या प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. संस्थात्मक जागेवर (जी संस्था स्वतः भरते) प्रवेश घेतला, तर ती मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचे कागद आतापासून तयार ठेवा, कारण ऐन फेरीच्या वेळी तहसील कार्यालयात गर्दी होते आणि एका कागदासाठी जागा जाते. माझ्या वर्गातल्या दोन मुलींचे असे झाले आहे.

वाळव्याची_आई:
बारा दिवसांनी लिहिते आहे. सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्यामुळे काय ठरले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

निदेशक सरांचे उत्तर मी मुलीला आणि यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यातला शेवटचा परिच्छेदही वाचला. नंतर आम्ही तिघेही एका दिवशी तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये जाऊन आलो. तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा चांगली होती. आयटीआयच्या कार्यशाळेत लाकडी फळ्यांवर वायरिंगचा सराव चालला होता, आणि एका टेबलावर मोटारीचा स्टेटर उघडून ठेवला होता. तिथल्या निदेशकांनी मुलीला त्याच्या खाचा मोजायला सांगितल्या. तिने ३६ सांगितल्या आणि वाइंडिंग कोणत्या प्रकारचे आहे, तेही सांगितले. परतीच्या गाडीत ती म्हणाली, की तिला आधी इलेक्ट्रिशियन करायचे आहे आणि नंतर थेट दुसऱ्या वर्षाची पदविका.

तुम्ही सर्वांनी नको म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे. सात वर्षांचा हिशेब पुणेकर दादांनी केला, तो आम्हीही वहीत मांडला. सहाऐवजी सात, म्हणजे एक वर्ष जास्त. पण या मार्गात दोन वर्षांनी एक, चार वर्षांनी दुसरे आणि सात वर्षांनी तिसरे प्रमाणपत्र हातात येते. मध्ये घरी काही अडचण आली, तरी ती रिकाम्या हाताने थांबणार नाही. आयटीआय घरापासून पाऊण तासावर आहे, संध्याकाळी ती दुकानात असेल. गणिताला मात्र ती दोन वर्षे लागून राहणार आहे. गावातल्या निवृत्त शिक्षकांनी रविवारी सकाळी दोन तास शिकवायचे कबूल केले आहे, म्हणजे पदविकेच्या वर्गात ती एकदम त्या पुस्तकासमोर बसणार नाही. लग्नाच्या बोलण्याबद्दल सरांनी काळजीने लिहिले, त्याबद्दल मी आभारी आहे. परंतु त्या कारणासाठी मी तिचे शिक्षण ठरवणार नाही.

पहिल्या फेरीत जागा मिळाली असून परवा प्रवेश निश्चित केला.

लातूरकर_पालक:
ताई, मला हा निर्णय पटलेला नाही. ७८ टक्के वाया घालवलेत, असे मी मनापासून म्हणतो.

निवृत्त_शिल्प_निदेशक:
मी वेगळे सांगितले होते आणि माझे मत अजून तेच आहे. पण प्रवेश झाला आहे, तर दोन गोष्टी सांगतो. वर्कशॉप कॅल्क्युलेशनचा विषय सोपा म्हणून मुले सोडून देतात, तो तिने सोडू नये, रविवारच्या गणिताला त्याची जोड द्यावी. आणि रोजच्या जॉबची वही तिने आताच्या वहीसारखीच तारीख आणि मोजमाप घालून लिहावी. रबरी तळाचे बूट पहिल्या दिवसापासून घालायला सांगा, चपलेवर कार्यशाळेत उभे राहू देऊ नका.

वाळव्याची_आई:
बूट रविवारी इस्लामपूरच्या बाजारात घेतो, सर.