सोलापूर : वडिलांना कानाचं मशीन घेतलं, पण शब्द अजून कळत नाहीत. ट्यूनिंगबद्दल सल्ला हवा

साखरपेठ

नानांचं (आमच्या तेलुगू घरात वडलांना नाना म्हणतात) वय 68. 31 वर्षं यंत्रमागावर काढली, आधी चादर, मग टॉवेल. कानाला संरक्षण म्हणजे कापसाचा बोळा. त्यांचं म्हणणं एकच, "ऐकू येतं गं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." माझ्या भावाचं बोलणं कळतं, नातीचं अजिबात नाही. लक्ष्मी मंडईत भाजीवाली पस्तीस म्हणाली, यांना पंचवीस ऐकू आलं, शब्दाला शब्द वाढला. तेव्हापासून मंडई बंद केली आहे.

ऑडिओग्राम (कोणत्या सुराला किती हानी ते दाखवणारा तपासणीचा आलेख; आधी सूर हर्ट्झमध्ये, मग हानी डेसिबलमध्ये) दोन्ही कानांचा जवळपास सारखा : 250 आणि 500 ला 20, 1000 ला 25, 2000 ला 45, 4000 ला 75, 8000 ला 65.

कानामागचं मशीन घेतलं, बारीक वायर आणि कानात रबरी टोपी. दोन्ही मिळून 56 हजार. दुकानात लॅपटॉपला जोडून वीस मिनिटांत हातात दिलं, म्हणाले सवय होईल. घरी आल्यावर स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला लागला, आणि ताट ठेवलं तरी कान टोचायचे. परत गेलो तर त्यांनी सगळाच आवाज कमी केला. आता टोचत नाही, पण मशीन घातलं काय, न घातलं काय, सारखंच. दोन आठवडे झाले, मशीन देवघरातल्या डब्यात पडून आहे.

परत करून महागातलं घ्यावं का? पुण्याला न्यावं का? आणि दुकानातल्या त्या माणसाला नेमकं सांगायचं तरी काय?

जुना_जॉबर

ताई, नानांचं वाचताना माझंच वाचायलोय असं वाटलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत होतो. धोट्याच्या मागाजवळ 95 ते 100 डेसिबल आवाज असतो. कायद्याची मर्यादा 8 तासांना 90. खात्यात आम्ही ओठ बघूनच बोलायचो, त्यामुळं कान गेलेत हे वर्षानुवर्षं कळलंच नाही. 2020 ला सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि मला कुणाचंच काही कळेना. तेव्हा तपासणी केली.

मशीन बदलू नका. माझंही पहिले तीन महिने कपाटात होतं. मशीन तेच आहे, बसवणारा बदलला. आता सकाळी चहाच्या आधी कानात जातं.

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारी) आहे, सोलापूरची नाही, त्यामुळे दुकानांची नावं सांगत नाही. पण हा आलेख रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

नानांचे खालचे सूर जवळजवळ शाबूत आहेत. आ, ओ, ऊ हे स्वर तिथे असतात आणि बोलण्याचा जोर त्यांच्यात असतो, म्हणून 'ऐकू येतं'. स, श, च, त, थ, फ या व्यंजनांचा मोठा भाग 2000 च्या वर. शब्दाचा अर्थ तेच ठरवतात. पस्तीस आणि पंचवीसमधून स, त, च काढून बघा, काय उरतं? मुलांचा आवाज बारीक आणि हळू, म्हणून नात पहिली हरवते.

आता तुमच्या तक्रारी. आवाज घुमतो, कारण टोपी बहुधा बंद प्रकारची आहे. ज्याला 500 ला मदत नको त्याचा कान बुजवला की स्वतःचा आवाज आत कोंडतो. उघडी, भोकांची टोपी लावून बघायला सांगा. तिची अडचण अशी की वाढवलेला आवाज बाहेर गळतो, मायक्रोफोनमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. 4000 ला 75 म्हणजे उघड्या टोपीची जवळपास हद्द आहे. तिथे जमलं नाही तर कानाच्या मापाचा साचा करून त्याला मोठं छिद्र ठेवतात. थोडे पैसे जातात, पण माझ्या मते नव्या मशीनपेक्षा हा खर्च आधी करावा.

भांडी टोचतात म्हणून सगळा आवाज उतरवणं ही चूक झाली. मशीनमध्ये हळू, मध्यम आणि मोठ्या आवाजाची वाढ वेगवेगळी ठेवता येते, कमाल आवाजाची मर्यादाही वेगळी असते. ताटासाठी फक्त मोठ्या आवाजाची वरच्या सुरांतली वाढ आणि ती मर्यादा उतरवायची. हळू 'स' ची वाढ तशीच राहिली पाहिजे, नाहीतर मशीन घेतलंच कशाला?

सगळ्यात महत्त्वाचं : 'रिअल इअर मेजरमेंट' करता का, हे फोनवरच विचारा. बारीक, मऊ सिलिकॉनची नळी कानाच्या पडद्याजवळ ठेवून, मशीन घातलेलं असताना कानात खरंच किती आवाज पोचतो ते मोजतात. दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. कंपनीचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा अंदाजानं सेटिंग देतं, आणि वरच्या सुरांत ते बहुतेकदा गरजेपेक्षा कमी असतं. मोजल्याशिवाय ते कळणार कसं?

एवढं करूनही 'स' पोचला नाही तर वरचे सूर खाली सरकवण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. ती आधी नको. जास्त सरकवलं की स आणि श एक होतात.

आणि दोन गोष्टी. शब्द ओळखण्याची चाचणी कोणत्या भाषेत झाली? घरी तेलुगू असेल तर तेलुगूत व्हायला हवी. दुसरं, कधी एका कानाचं एकाएकी कमी झालं तर मशीनवाल्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. तिथे दिवस मोजून उपचार असतात.

साखरपेठ

चाचणी मराठीतच झाली! कुणी विचारलंच नाही. घरी सेटिंग बरोबर आहे का ते कसं कळेल?

कानसेन

त्यांच्या पाठीमागे दोन मीटरवर उभं राहा, ओठ दिसू नयेत. नेहमीच्या आवाजात एकेक म्हणा : म्, ऊ, आ, ई, श्, स्. मध्ये कमीजास्त थांबा, ठेका नको. ऐकू आलं की त्यांनी तेच म्हणायचं. काय चुकलं ते वहीत तारखेसह. 'नीट ऐकू येत नाही' यापेक्षा 'स् आठपैकी दोनदाच आला' हे वाक्य तंत्रज्ञाला कामाला लावतं.

सातरस्ता

खर्चाबद्दल. अपंगत्वाच्या दाखल्यामागे धावू नका. 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या सुरांत 60 डेसिबलची हानी लागते. नानांची 500 ते 4000 ची सरासरी काढली तर 41 च्या आसपास येते. त्रास खरा आहे, पण आकड्यात बसत नाही, आणि याचा मला राग येतो. वय 65 च्या वर आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3000 रुपये मिळतात. साच्याला हातभार लागेल.

मुंबईला जायची तयारी असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची, केंद्र सरकारची. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी तिथं.

साखरपेठ

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व. मुंबईला जावं लागलं नाही. सोलापुरातच फोन करत गेले. तिघांना ती तपासणी काय ते माहीत नव्हतं, चौथ्या ताईंनी लगेच "या" म्हटलं.

मोजल्यावर 3000 आणि 4000 ला गरजेच्या निम्मंही पोचत नव्हतं. उघडी टोपी लावली तर घुमणं थांबलं, पण शिट्टी. शेवटी साचा केला. वाढ एकदम दिली नाही, तीन खेपांत थोडी थोडी चढवली. पहिल्या आठवड्यात कागद, चप्पल, पंखा सगळ्याचा त्रास झाला. दिवसाला चार तासांपासून सुरुवात केली, आता दिवसभर असतं. स् आठपैकी सहा. लग्नाच्या हॉलमध्ये अजून काही कळत नाही. ताई म्हणाल्या, गोंगाटाकडे पाठ आणि बोलणाऱ्याकडे तोंड करून बसवा.

उन्हामुळे घाम फार येतो, म्हणून रात्री मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत ठेवतो. एकदा आवाज बंद पडला होता, मळाची जाळी बदलल्यावर सुरू झाला.

परवा नात पाठमोरी बसून गृहपाठ पुटपुटत होती. नाना म्हणाले, "सत्तावीस नाही, सदतीस."

एक विचारायचं राहिलं. चुलतभाऊ अजून टॉवेलच्या कारखान्यात आहे आणि तोही बोळाच घालतो. त्याला काय घेऊन देऊ?

जुना_जॉबर

बोळा काही कामाचा नाही. फोमचे प्लग घ्या. बोटांत पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. वरवर टेकवला तर बोळ्यासारखाच. मफ (हेडफोनसारखी कानावर बसणारी झाकणं) आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये घामानं कुणी ठेवत नाही. आणि आत्ताच एक ऑडिओग्राम काढून ठेवा, 4000 चा आकडा बघा, नानांचा तोच सगळ्यात वाईट आहे.